शेताची नऊ नावं

फार पूर्वी, पोथ्या हातानेच उतरवून काढाव्या लागत त्या काळी, एका नगरात एक लेखनिक राहत होता. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि नाक जरा वरच असायचं. नगरीच्या राजाला पोथ्यांचा नाद होता, तोवर लेखनिकाचं बरं चाललं. पण राजा वारला, गादीवर त्याचा मुलगा आला, आणि या मुलाला नाद होता घोड्यांचा. घोडे काही पोथ्या वाचत नाहीत. वर्षभरात लेखनिकाच्या दौतीतली शाई वाळून गेली, आणि नवरा-बायको चार वर्षांच्या मुलीला घेऊन पोट भरायला बाहेर पडले.

दोन गावं त्यांनी करून पाहिली. एका गावात देवळात कथा सांगायचं काम मिळालं, ते चातुर्मासाबरोबर संपलं. दुसऱ्या गावात मुलांना शिकवायचं ठरलं, पण मुलं सगळी गुरांमागे असायची. मग बायकोने सांगून टाकलं की आता फिरणं पुरे, कुठेतरी जमीन कसू आणि एका जागी राहू. पोरीची तर अशी दशा झाली होती, की दारावरून बैलगाडी गेली तरी ती आपली बाहुली उराशी धरून उठायची आणि विचारायची, "आता पुन्हा दुसऱ्या गावाला?"

बायकोच्या माहेराहून निघताना तिच्या भावाने भाड्याच्या गाडीत दोन पोती घातली, एक ज्वारीचं आणि एक हरभऱ्याचं. शेती जमेल का, असं त्याने हळूच विचारलं, तेव्हा लेखनिकाला हसू आलं. शेत या एका शब्दाला त्याला नऊ नावं पाठ होती. ज्याला नऊ नावं येतात, त्याला एक शेत कसता येणार नाही, हे त्याच्या बुद्धीला पटण्यासारखंच नव्हतं.

श्रावणात ते डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात पोचले. गावाला भलंमोठं तळं होतं आणि माणसं बरी होती. नवीन माणसाला जमीन द्यायला त्यांची ना नव्हती, पण त्यांच्या दोन रीती होत्या. पहिली अशी, की नव्या माणसाने होळीच्या आत आपल्या रानात पिकवलेलं एक सूप धान्य गावदेवीपुढे आणून ठेवायचं. ठेवलं, की तो गावचा झाला. नाही जमलं, तर जमीन गावाला परत करायची आणि राम राम म्हणून पुढची वाट धरायची. यात रागलोभ नसायचा, पण सूटही नसायची.

दुसरी रीत जरा चमत्कारिक होती. गावातली एक जाणती म्हातारी नव्या माणसाला शिवारात फिरवायची आणि मोकळ्या असलेल्या प्रत्येक तुकड्यापाशी उभी राहून त्याचं नुसतं नाव सांगायची. नवा माणूस जे विचारेल त्याचं खरं उत्तर द्यायचं, पण न विचारता एक अक्षर बोलायचं नाही. फार मागे गावाने एकाला आपण होऊन रान निवडून दिलं होतं. त्या वर्षी नेमकी त्याच्यावर गारपीट झाली, आणि तो माणूस मरेपर्यंत गावाला शिव्या देत राहिला. तेव्हापासून गावाने कानाला खडा लावला होता.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी काठी टेकत पुढे निघाली. मागे लेखनिक, त्याच्या मागे बायको आणि तिच्या कडेवर पोर. आठ दिवस पावसाने उघडीप दिली होती. सगळं शिवार हिरवंगार झालं होतं.

पहिल्या तुकड्यात पायाखाली मुरूम करकरत होता. म्हातारी म्हणाली, "ही बरड." आणि लेखनिकाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. त्याने मान डोलावली. दुसऱ्या तुकड्यात बोरी-बाभळी माजल्या होत्या. "ही पड," म्हातारी म्हणाली. त्याने पुन्हा मान डोलावली. तिसरा तुकडा ओढ्याकाठचा, चिंचोळा, कमरेएवढ्या गवताने भरलेला होता. "ही मळई." लेखनिकाच्या धोतराला कुसळं चिकटली, म्हणून त्याने जरा घाईनेच मान डोलावली. मनात तो म्हणत होता, बिचाऱ्या अडाणी माणसांनी एका शेताला किती ओबडधोबड नावं ठेवली आहेत.

चौथा तुकडा पाहिला आणि त्याचे डोळे निवले. जमीन पाटासारखी सपाट होती. एक दगड नाही, एक झुडूप नाही, गवताची काडी नाही. वरून पांढरट, गुळगुळीत, सारवून ठेवल्यासारखी. कोपऱ्यात आठ दिवसांपूर्वीचं पाणी अजून साचलेलं होतं. जमीन पाणी कशी धरून ठेवते बघा, असं त्याला वाटलं.

"ही चोपण," म्हातारी म्हणाली. ती इथे सगळ्यात जास्त वेळ उभी राहिली. एकदा खोकली. काठी जमिनीवर आपटली. मग पुन्हा म्हणाली, "चोपण हाय ही." लेखनिकाला वाटलं, म्हातारी या जमिनीवर फारच खूश दिसते.

बायकोला मात्र काहीतरी खुपत होतं. आजूबाजूला गुरं चरत होती, पण या तुकड्यात एकही पाऊल टाकत नव्हतं. तिने नवऱ्याच्या कानात विचारलं की इथे गवत कसं नाही. त्यावर लेखनिकाने तिला गप्प केलं. तण नाही म्हणजे निंदणी नाही, एवढंही तुला कळत नाही का, असं म्हणाला. नव्या गावात, परक्या माणसापुढे नवऱ्याला डावलून बोलायचं कसं, म्हणून ती गप्प राहिली.

परत येताना म्हातारीने तळ्याकडे बोट दाखवलं. तळं काठोकाठ भरलेलं होतं. "आन् ही गाळपेर," ती म्हणाली. आता मात्र लेखनिकाला हसू आवरेना. ही मंडळी पाण्यालासुद्धा शेत म्हणतात, हे त्याने बायकोला संध्याकाळी दोनदा सांगितलं.

त्याने चोपण मागितली. पाटलांनी विचारलं, "काई इचारायचंय का, शास्त्रीबुवा?" कारण गावाने पहिल्याच दिवशी त्याचं असं नामकरण करून टाकलं होतं. शास्त्रीबुवांना काही विचारायचं नव्हतं. पाटलांनी म्हातारीकडे पाहिलं, म्हातारीने आभाळाकडे पाहिलं, आणि जमीन त्याची झाली.

भाद्रपदात शेजाऱ्याचे बैल आणून त्याने ज्वारी पेरली. नांगर लागेना, ढेकळं फुटेनात, तरी पेरली. सगळं पोतं रिकामं केलं. मग तो रोज सकाळी बांधावर जाऊन बसू लागला. गावातल्या रानांत ज्वारी बोटभर झाली, वीतभर झाली. त्याच्या रानात आठव्या दिवशी इथे-तिथे चार कोंब दिसले. पंधराव्या दिवशी ते पिवळे पडले. दसऱ्याला घरोघरी मंडळी सोनं वाटत होती, तेव्हा त्याच्या रानात पांढरा पापुद्रा सोडून काही नव्हतं.

वाटेत कोणी विचारलं, "काय म्हणतंय रान?" तर तो म्हणायचा, "येतंय हळूहळू." मान मोठी नाजूक चीज. शेत बुडालं तरी चालेल, पण ते बुडालंय हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको, अशी त्याची गत झाली होती. आणि मनात मात्र भीतीने घर केलं होतं. होळी पाच महिन्यांवर आली होती. जवळ उरलं होतं एक हरभऱ्याचं पोतं. तेही गेलं तर सूप कशाने भरायचं, आणि पुन्हा गाडी जुंपायची ती कुठल्या गावाला?

दिवाळी झाली आणि एका सकाळी तो हरभऱ्याचं पोतं उचलायला गेला. बायको त्या पोत्यावर बसली होती. चांगली मांडी ठोकून बसली होती.

"कुठे नेताय?" तिने विचारलं.

"रानात. ज्वारीला नसेल मानवत. हरभऱ्याला मानवेल."

"कशावरून?"

त्याने पोत्याचं टोक ओढून पाहिलं. ती म्हणाली, "आधी त्या म्हातारीला विचारून या. तोवर मी इथून उठणार नाही. चूल तुम्ही पेटवा, पोरीची वेणी तुम्ही घाला. मी बसलेय."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठाम होता. लेखनिक दोन वेळा दारापर्यंत जाऊन परत आला. तिसऱ्यांदा गेला, तो गेला.

म्हातारी अंगणात शेंगा सोलत होती. लेखनिकाने आधी आडून आडून सुरुवात केली. म्हणाला, "आजी, मी एक पोथी करायचं म्हणतोय. तुमच्याकडच्या शब्दांची. तर सहज आपलं विचारावं म्हटलं, शेताला तुम्ही काय काय म्हणता."

म्हातारी काही दुधखुळी नव्हती. ती म्हणाली, "आधी तुमची सांगा. नऊ येतात म्हनं तुमाला. तुमची लेक सांगत व्हती."

लेखनिकाला बरं वाटलं. त्याने एका दमात सांगायला सुरुवात केली. "क्षेत्र, केदार, वप्र..."

"थांबा. केदार म्हंजी कसलं रान?"

"शेतच."

"आन् वप्र?"

"तेही शेतच."

"आन् क्षेत्र?"

"शेत."

म्हातारीने शेंग सोलून दाणे सुपात टाकले. "मग नऊ कशाला केली वो? एकानं भागलं असतं की."

वीस वर्षं त्याने ते शब्द सुंदर अक्षरात लिहिले होते. केदार म्हणजे कसली जमीन, वप्र म्हणजे कसली, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. ज्याने तो शब्द पहिल्यांदा उच्चारला, तो कुठल्यातरी रानात उभा असेल, त्याच्या पायाला काहीतरी लागलं असेल, हेही आलं नव्हतं. त्याला आपली लाज वाटली. अगदी मनापासून वाटली, आणि गंमत म्हणजे लाज वाटल्यावर त्याला जरा हलकंही वाटलं.

"आजी," तो म्हणाला, "पोथी वगैरे काही नाही. चोपण म्हणजे काय, ते मला माहीत नाही. त्या दिवशीही नव्हतं. माझी ज्वारी गेली."

"आता कसं," म्हातारी म्हणाली, आणि सूप बाजूला ठेवलं. "चोपण म्हंजी खारानं मेलेली भुई. पानी मुरत न्हाई, मूळ उतरत न्हाई. वली असली तर चिकाट, वाळली तर दगूड. गुरं बी तोंड लावत न्हाईत. माझ्या आजेसासऱ्याच्या बापानं तिच्यात तीन वर्सं बी घातलं. पोरं उपाशी ऱ्हायली, तवा कुठं हे नाव पडलं. अशी एकेका नावापायी एकेका घरानं उपास काढल्यात, शास्त्रीबुवा. पुढच्यानं काढू नयेत म्हनून नाव ठेवायचं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" त्याने विचारलं.

"नाव सांगितलं की. दोनदा सांगितलं. खोकले, काठी आपटली, आनखी काय नाचू व्हय? तुमी इचारलं न्हाई. तुमच्या कारभारनीला बी तोंड व्हतं, तिनं इचारलं असतं तरी सांगितलं असतं." मग ती जरा मऊ झाली. "त्या रात्री मलाबी घास गोड लागला न्हाई. पर रीत हाय."

लेखनिकाने डोळे पुसले आणि दुसरा प्रश्न विचारला. आता काही करता येईल का? म्हातारीने काठीने तळ्याची दिशा दाखवली आणि विचारलं की त्या दिवशी तिकडे बघून हसला होता ना. त्याने मान खाली घातली आणि विचारलं, "गाळपेर म्हणजे काय?"

तेव्हा त्याला कळलं ते असं. दिवाळीनंतर तळ्याचं पाणी मागे सरकू लागतं. पावसाळाभर डोंगरावरून वाहून आलेला काळा गाळ काठाने उघडा पडतो. त्या गाळाला वरून पाणी लागत नाही, आतल्या ओलीवर पीक येतं. ती जमीन कोणा एकाची नसते. जो मागेल त्याला गाव पट्टा आखून देतं, आणि त्या वर्षापुरतं ते त्याचं रान. तिथे हरभरा फार चांगला येतो.

लेखनिक घरी धावतच आला. बायको अजून पोत्यावर बसली होती. त्याने सगळं सांगितलं, तेव्हा ती उठली, आणि पाय आखडले म्हणून लगेच पुन्हा बसली.

तिसऱ्या दिवशी तळ्याकाठी पाच-सहा घरची माणसं जमली. पाटलांनी पट्टे आखले. लेखनिकाला एक पट्टा मिळाला. काळाभोर, लोण्यासारखा मऊ गाळ बघून त्याचे हात शिवशिवायला लागले. बाजूला म्हातारी बसली होती. ती सगळ्यांना उद्देशून म्हणाली, "वापसा आला की मूठ सोडा." सगळ्यांनी माना डोलावल्या.

लेखनिकाचीही मान डोलायला लागली होती. वीस वर्षांची सवय ती, एका दिवसात थोडीच जाणार? पुस्तकात 'वाफसा' हा शब्द त्याने पाहिला होता, नीट लिहिलाही होता. इथे आता चार माणसं उभी होती, त्यांची बायकापोरं उभी होती. मांडीएवढी पोरंही मान डोलावत होती. विचारलं तर हसतील. त्याने क्षणभर मुलीकडे पाहिलं. ती काठावर बसून आपल्या बाहुलीला गाळाचा टिळा लावत होती.

"आजी," तो मोठ्याने म्हणाला, "वाफसा म्हणजे काय? तो आला हे कसं ओळखायचं?"

माणसं हसलीच. एक तर पोट धरून हसला. पण हसता हसता तोच पुढे आला आणि त्याने लेखनिकाला मूठभर गाळ उचलून दाबायला सांगितला. मग तो गोळा खाली टाकायला सांगितला. गोळा पडला तो तसाच राहिला. "आजून वला हाय," शेतकरी म्हणाला. "आज पेराल तर बी कुजंल. टाकल्यावर गोळा फुटला, की समजायचं वापसा आला. रोज बघत जावा."

लेखनिकाने आजूबाजूला पाहिलं. बाकीच्यांनी तर बियाणं आणलंच नव्हतं, ते नुसते पट्टे बघायला आले होते. तो एकटाच हरभऱ्याचं पोतं खांद्यावर घेऊन आला होता. विचारलं नसतं, तर हाही हरभरा चिखलात गेला असता.

चार दिवस तो रोज गोळा टाकून बघत होता. पाचव्या दिवशी गोळा फुटला. त्याने बायकोला हाक मारली, आणि दोघांनी मिळून हरभरा पेरला. सहा-सात दिवसांत कोंब वर आले. या खेपेला ते पिवळे पडले नाहीत.

त्यानंतर मात्र त्याने विचारण्याचा सपाटाच लावला. गावाला थोडा वैतागच आला म्हणा ना. शेंडे का खुडायचे, घाट्यात दाणा कधी भरतो, पानावरची आंब कशी धरायची, सगळं त्याला हवं. बायको पहाटे झाडांवर फडकं पसरायची आणि दवाने आंबट झालेलं ते फडकं पिळून आंब साठवायची. खुडलेल्या शेंड्यांची भाजी व्हायची. लोक एखाद्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात, असं लेखनिकाने पोथ्यांत किती वेळा लिहिलं होतं. ते झाड गुडघ्यापर्यंतसुद्धा येत नाही, हे त्याला आत्ता दिसलं, आणि आपण इतकी वर्षं कुठे चढून बसलो होतो या विचाराने तो एकटाच हसत सुटला.

माघात दोन दिवस आभाळ भरून आलं तेव्हा दोघांना घास जाईना. पण आभाळ न बरसता निघून गेलं. घाटे भरले, वाळले, आणि फाल्गुन लागता लागता त्यांनी हरभरा उपटून खळ्यावर आणला.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी सगळं गाव गावदेवीपुढे जमलं. लेखनिकाने सूप देवीपुढे ठेवलं. शिगोशीग भरलं होतं. रीतीप्रमाणे पाटलांनी विचारलं, "हे धान्य कुठल्या रानाचं?"

"गाळपेरीचं," लेखनिक म्हणाला. "आधीचं चोपणीत गेलं. माझ्या न विचारण्याने गेलं."

हे म्हणायची काही गरज नव्हती. रीतीत एवढंच होतं की रानाचं नाव सांगायचं. मग पाटलांनी सुपातला एक दाणा उचलून तोंडात टाकला. त्यांच्यामागून एकेक जण आला, एकेक दाणा खाऊन गेला. ज्याच्या सुपातला दाणा सगळ्या गावाने खाल्ला, तो गावचा झाला. लेखनिकाच्या बायकोचा जीव भांड्यात पडला. ती सगळ्यांदेखत खुशाल रडली.

शेवटी म्हातारी आली. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. तिने दाणा गालात धरला आणि लेखनिकाच्या शेजारी देवळाच्या पायरीवर बसली. म्हणाली, "भिजू दे. मला घाई न्हाई, आन् आता तुमालाबी न्हाई."

तेवढ्यात समोरून बैलगाडी गेली. मुलीने मान वर करून पाहिलं, आणि पुन्हा पोरांबरोबर खेळायला लागली.

तात्पर्य: शब्द पाठ असणं निराळं आणि त्याचा अर्थ कळणं निराळं. मागच्यांनी ठेवलेल्या प्रत्येक नावात त्यांचा अनुभव असतो, पण तो मान डोलावणाऱ्याला मिळत नाही, विचारणाऱ्याला मिळतो.